परवाना माणसाचा की यंत्राचा?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या परवान्यावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर सोलापुरातल्या एका चादर-टॉवेल व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी, असा माझा क्रम आहे. हा धडा मी तिथेच, मालकांचे पैसे वाया घालवता घालवता शिकलो.

बिले, मालाचा साठा व येणी-देणी एकाच ठिकाणी राहावीत म्हणून पेढीत विंडोज सर्व्हर बसवायचे ठरले. मालक म्हणाले, "सर्व्हर घेतला म्हणजे झालं की!" मलाही तसेच वाटले होते. पण सर्व्हरचा परवाना वेगळा आणि त्याचा उपयोग करण्याचा परवाना वेगळा. २०१६ च्या आवृत्तीपासून सर्व्हरचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात. यंत्र लहान असले तरी किमान १६ कोअरचा घ्यावा लागतो. शिवाय उपयोग करणाऱ्यांसाठी 'क्लायंट ॲक्सेस लायसन्स', म्हणजे 'कॅल', लागते. ही संगणकात भरायची वस्तू नव्हे. तो केवळ हक्क आहे.

कॅल दोन प्रकारचे. व्यक्तीचे कॅल एस.टी.च्या पासासारखे : ज्याच्या नावाचे त्याने कोणत्याही यंत्रावरून वापरावे, पण सकाळी एकाने, दुपारी दुसऱ्याने, असे चालत नाही. यंत्राचे कॅल मागासारखे : माग एकच, पाळी बदलली की विणकर बदलतो. सोलापूरकरांना हे अधिक समजावून सांगायला नको.

आमच्याकडे दोन पाळ्यांत मिळून १२ माणसे ६ संगणकांवर काम करतात. मालक व त्यांचे चिरंजीव यांच्याकडे प्रत्येकी टेबलावरचा संगणक, लॅपटॉप व मोबाइल, अशी ६ यंत्रे. मी माणसे मोजली आणि मागणीपत्रात १४ लिहिले. दिवाणजींनी चष्मा वर करून विचारले, "अरे, टेबलं सहा, मग परवाने चौदा कसे?" मी निरुत्तर झालो. त्या रात्री नियम वाचून काढले. केवळ माणसे मोजली तर १४, केवळ यंत्रे मोजली तर १२. पण पाळीच्या संगणकांना यंत्राची ६ आणि बापलेकांना व्यक्तीची २ घेतली, तर ८ कॅलमध्ये भागते! दोन्ही प्रकार एकत्र घेण्यास मुभा आहे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या आवृत्तीचे कॅल नव्या सर्व्हरला चालत नाही. नवे मात्र जुन्याला चालते. आणि सर्व्हरवरचाच पडदा दुरून उघडून काम करायचे असेल, तर 'रिमोट डेस्कटॉप'चे कॅल निराळे लागते. त्याची सवलतीची मुदत १२० दिवसांची.

साध्या कॅलची संख्या कमी पडली तरी सर्व्हर कोणाला अडवीत नाही. मालकांनी सहज विचारले, "मग आठ तरी कशाला घ्यायची?" मी म्हणालो, "मालक, आपल्या चादरीचा नमुना कोणी उचलला तर आपल्याला चालेल का?" ते हसले आणि मागणीपत्रावर सही केली.

१९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाच्या प्रणालीची गणना साहित्यकृतींत होऊ लागली. कथा-कवितेच्या पंक्तीला ती कायद्यानेच बसली आहे. तेव्हा कला शाखेच्या विद्यार्थ्याने तिची थोडी चौकशी केली, तर ते विषयांतर खासच नव्हे.