घटक ७ : 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' – धनिक नायकाच्या प्रेमकथेचे मराठी रूपांतर

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• मराठीतील संबोधनव्यवस्थेचे स्वरूप सांगता येईल;
• रूपांतर करताना द्वितीयपुरुषी सर्वनामाची निवड का महत्त्वाची ठरते, हे स्पष्ट करता येईल;
• 'सत्ता' आणि 'सलगी' या संकल्पनांच्या आधारे संवादांचे विश्लेषण करता येईल.

७.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, श्रीमंत, रंगेल तरुण आणि साध्या घरातील मुलगी यांची विनोदी प्रेमकथा जगभर लोकप्रिय आहे. हॉलिवूडने १९५० च्या दशकात अशा अनेक कथा पडद्यावर आणल्या. त्यांपैकी एखादी कथा मराठीत आणायची झाल्यास काय अडचण येईल? पोशाख, खाद्यपदार्थ, गावांची नावे बदलणे तुलनेने सोपे असते. खरी कसोटी लागते ती इंग्रजीतील 'यू' या एका लहानशा शब्दापाशी. या घटकात आपण त्या एका शब्दाचाच विचार करणार आहोत.

७.२ मूळ कथा : 'सब्रिना'
बिली वाइल्डर दिग्दर्शित 'सब्रिना' हा चित्रपट १९५४ साली प्रदर्शित झाला. सॅम्युएल टेलर यांच्या 'सब्रिना फेअर' या १९५३ च्या नाटकावर तो आधारलेला आहे. लाँग आयलंडवरील लॅरबी या गर्भश्रीमंत कुटुंबाच्या मोटारचालकाची मुलगी सब्रिना (ऑड्री हेपबर्न) मालकांच्या धाकट्या मुलावर, डेव्हिडवर (विल्यम होल्डन), मनोमन प्रेम करीत असते. डेव्हिड हा मौजमजेत रमणारा, तीनदा लग्न करून मोकळा झालेला तरुण. त्याचे तिच्याकडे लक्षही नसते. ती पाककला शिकण्यासाठी पॅरिसला जाते आणि दोन वर्षांनी आत्मविश्वास घेऊन परतते.

रेल्वेस्थानकावर डेव्हिडला ती दिसते. तो तिला ओळखत नाही, पण भुलतो आणि तिला मोटारीत घेतो. तीही आपली ओळख सांगत नाही. मोटार त्याच्याच घरी पोहोचते तेव्हा तो चक्रावतो. पुढे घराण्याच्या व्यवसायाच्या हितासाठी हे प्रेम मोडायला निघालेला थोरला भाऊ लायनस (हम्फ्री बोगार्ट) स्वतःच तिच्यात गुंततो. हिंदीत 'ये दिल्लगी' (१९९४) हा चित्रपट याच कथेच्या वळणाने गेला.

७.३ स्थानकावरचा प्रसंग खानदेशात
आता समजा, या प्रसंगाचे रूपांतर आपल्याला करायचे आहे. जळगावच्या एका सराफी पेढीच्या मालकाचा धाकटा मुलगा मोटार घेऊन स्टेशनबाहेर उभा आहे. त्यांच्याच ड्रायव्हरची मुलगी पुण्यातील शिक्षण संपवून उतरते. तो तिला ओळखत नाही. त्याने तिला काय विचारावे?

(अ) "तू कुठे निघालीस?"
(आ) "तुम्ही कुठे निघालात?"
(इ) "आपण कुठे जाणार आहात?"
(ई) "कुठे जायचंय? सोडू का?"

इंग्रजीत या चारही ठिकाणी एकच 'यू' चालेल. मराठीत मात्र प्रत्येक वाक्य वेगळा माणूस उभा करते. अनोळखी तरुणीशी (अ) वापरणारा तरुण उद्धट ठरेल. (आ) सभ्य आहे. (इ) इतके औपचारिक आहे की त्यात थोडा नाटकीपणा येतो. रंगेल नायकाच्या तोंडी ते शोभूनही दिसेल. (ई) मध्ये सर्वनामच नाही. समोरच्या व्यक्तीचे स्थान कळत नसेल, तर मराठी भाषक अशा रचनेचा आश्रय घेतो. "जेवण झालं का?" हा प्रश्न आपण कितीदा याच कारणाने विचारतो, ते आठवून पाहा.

येथे व्याकरणाची एक बाब लक्षात घ्या. 'निघालीस' या रूपातून समोरची व्यक्ती स्त्री आहे आणि ती बोलणाऱ्याच्या बरोबरीची, जवळची अथवा त्याच्यापेक्षा खालच्या पायरीवरची आहे, या दोन्ही गोष्टी कळतात. 'निघालात' या रूपातून लिंग कळत नाही. केवळ सर्वनाम गाळून रूपांतरकाराची सुटका होत नाही, कारण क्रियापदही नाते सांगत असते.

मोटार बंगल्यापाशी पोहोचते आणि ती कोण हे त्याला कळते. आता त्याने 'तुम्ही' कायम ठेवावे, की 'तू'वर यावे? तो 'तू'वर आला, तर ते कोणते 'तू'? लहानपणी अंगणात खेळणाऱ्या ड्रायव्हरच्या मुलीला म्हटलेले, की जिच्यावर मन जडले तिला म्हटलेले? शब्द एकच, नाती दोन. या घटकाचा गाभा येथे आहे.

७.४ सत्ता आणि सलगी
रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांचा अभ्यास मांडला. त्यांच्या मते या निवडीमागे दोन तत्त्वे असतात : सत्ता आणि सलगी. एकाने 'तू' म्हणावे आणि दुसऱ्याने 'तुम्ही', असा एकतर्फी व्यवहार सत्ता दाखवतो. दोघेही 'तू' म्हणतात तेव्हा सलगी दिसते. म्हणजे 'तू' हा शब्द स्वतः अपमानकारकही नाही आणि प्रेमळही नाही. मराठी माणूस आईला आणि विठ्ठलालाही 'तू'च म्हणतो. अर्थ ठरतो तो परतफेडीवरून.

हा निकष आपल्या कथेला लावून पाहू. मालकाच्या मुलाने 'तू' म्हटल्यावर ड्रायव्हरच्या मुलीलाही 'तू' म्हणता येते का? येत असेल, तर प्रेमकथा पुढे सरकली. येत नसेल, तर त्याने कितीही भेटवस्तू दिल्या तरी तो मालकाचा मुलगाच राहिला. नायक सुधारला हे दाखवण्यासाठी त्याने संपत्तीचा त्याग करण्याची गरज नाही. तिचे 'तू' त्याने सहज स्वीकारले, एवढे पुरेसे आहे.

'आपण' या सर्वनामाची गंमत याहून सूक्ष्म आहे. "आपण कुठे जाणार आहात?" यातील 'आपण' म्हणजे आदरणीय तुम्ही, "आपण कुठे जाणार आहोत?" यातील 'आपण' म्हणजे मी आणि तू. फरक केवळ 'आहात' आणि 'आहोत' यांचा. सहायक क्रियापद गाळून "आपण कुठे जाणार?" असे विचारले, की दोन्ही अर्थ शक्य होतात. इंग्रजी मूळात नसलेली ही संधी चतुर रूपांतरकार सोडणार नाही.

७.५ आपल्या परंपरेतील उदाहरण : 'संशयकल्लोळ'
धनिक प्रियकराची विनोदी कथा मराठीला नवी नाही. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत संशयकल्लोळ' १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील रेवतीची भूमिका बालगंधर्वांनी केली. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे. श्रीमंत अश्विनशेठ आणि मघा नायकिणीची मुलगी रेवती यांचे प्रेम एका तसबिरीमुळे संशयात सापडते. अश्विनशेठ हा डेव्हिडसारखा चंचल नाही. पण पैसा आणि प्रतिष्ठा यांतील दरी दोन्हीकडे सारखीच आहे.

या नाटकाचा प्रवास आपल्या विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. मोलिएरच्या १६६० च्या फ्रेंच प्रहसनावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक लिहिले आणि त्यावरून देवलांनी मराठी नाटक केले. फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'वू' असा भेद आहे. मर्फीच्या काळापर्यंत इंग्रजीच्या नेहमीच्या बोलण्यातून जुने 'दाऊ' बहुतांशी मागे पडले होते. मराठीत आल्यावर हा भेद पुन्हा आवश्यक झाला. त्यामुळे 'संशयकल्लोळ'मधील प्रत्येक 'तू' आणि 'तुम्ही' हा देवलांचा स्वतःचा निर्णय आहे.

नावांतही त्यांनी हीच व्यवस्था गुंफली आहे. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे आहेत. पण फाल्गुनास 'राव', अश्विन व वैशाख यांस 'शेठ' जोडले आहे, तर नोकर मात्र 'भादव्या' झाला आहे. नाव ऐकताच पात्राची सामाजिक पायरी कळते.

७.६ अहिराणी आणि आपले घर
धुळे जिल्ह्यातील व पश्चिम जळगावातील आपणांपैकी अनेकांच्या घरी अहिराणी बोलली जाते. "तू कवय उनी?" आणि "तुम्ही कवय उनात?" हा भेद अहिराणीतही आहे. आदरार्थी 'आपण' मात्र घरगुती अहिराणीत सहसा ऐकू येत नाही. आदर दाखवायचा तो जिभाऊ, नाना, आबा अशा नात्यांच्या शब्दांनी. म्हणून शहरातून शिकून आलेली मुलगी गावात 'आपण' म्हणू लागली, तर ते सभ्य वाटण्याऐवजी परके वाटू शकते. उलट, अहिराणीतील मोकळे 'तू' ऐकून बोलणाऱ्याला अशिष्ट ठरवणे ही अभ्यासकाची चूक होय. कोणतीही बोली तिच्या स्वतःच्या व्यवस्थेतच तपासली पाहिजे.

शेवटी एक प्रश्न. विनोदी प्रेमकथेचा शेवट विवाहात होतो. परंतु आपल्याकडील रूढ व्यवहारात विवाहानंतर पती 'तू' म्हणतो आणि पत्नी 'अहो'. प्रेमात मिळवलेली बरोबरी लग्नात अशी परत जाते. आज अनेक जोडपी एकमेकांना 'तू' म्हणतात, मात्र वडीलधाऱ्यांसमोर 'अहो'वर येतात. आपल्या रूपांतराच्या शेवटच्या प्रवेशात नायिका नायकाला काय म्हणेल, हे ठरवणे म्हणजे ती कथा कशाबद्दल आहे हे ठरवणे होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. 'निघालीस' व 'निघालात' या रूपांतून कोणती माहिती मिळते?
२. 'आपण' या सर्वनामाचे दोन अर्थ वाक्यांत उपयोग करून दाखवा.
३. एकतर्फी व परस्पर 'तू' यांतील फरक सांगा.

सारांश
इंग्रजी 'यू' नात्यातील अंतर उघड करीत नाही. मराठी सर्वनाम व क्रियापद ते उघड करतात. त्यामुळे धनिक नायकाच्या प्रेमकथेचे रूपांतर करताना लेखकाला प्रत्येक वाक्यात नाते ठरवावे लागते. 'तू' या शब्दाचा अर्थ त्याच्या परतफेडीवर अवलंबून असतो : एकतर्फी 'तू' सत्ता दाखवते, परस्पर 'तू' सलगी.

स्वाध्याय
१. स्थानकावरील प्रसंगाचा दहा-बारा वाक्यांचा संवाद प्रमाण मराठीत लिहा. नंतर तोच आपल्या घरच्या बोलीत लिहून संबोधनांतील बदल नोंदवा.
२. 'संशयकल्लोळ'मधील अश्विनशेठ व रेवती यांचा एक प्रवेश निवडा. दोघांची परस्पर संबोधने दोन स्तंभांत मांडून सत्ता व सलगी या दृष्टीने त्यांचे विवेचन करा.
३. आपल्या कुटुंबात तीन पिढ्यांतील पती-पत्नी एकमेकांना कसे संबोधतात, ते विचारून टिपण तयार करा.