उपग्रहचित्रात बोरीवलीचे जंगल लाल का?

बोरीवलीच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आहेत, पश्चिमेला गोराई खाडीची खारफुटी. उपग्रहचित्रात ही हिरवी झाडी बहुधा लालभडक दाखवलेली असते. असे का?

पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते. पण आपल्या डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण पानाच्या अंतर्भागातील पेशी व पोकळ्यांमुळे विखुरतात आणि मोठ्या प्रमाणात परत फिरतात. उपग्रह हे दोन्ही किरण वेगवेगळे मोजतो. अवरक्त डोळ्यांना दिसावेत म्हणून चित्रात त्यांना तांबडा रंग देतात, एवढेच! पाणी अवरक्त शोषून घेते, म्हणून तुळशी व विहार तलाव काळसर दिसतात.

आता थोडे गणित. समजा, झाडीवरून तांबडा प्रकाश ४ टक्के व अवरक्त ४० टक्के परावर्तित झाला. दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागा: ३६ ÷ ४४ = ०.८२. उघड्या मातीसाठी २० व २५ टक्के धरले, तर ५ ÷ ४५ = ०.११. हा झाला वनस्पती निर्देशांक.

भारताचा पहिला आयआरएस उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सुटला. त्याच्या कॅमेऱ्यांची जमिनीवरील चौकट ७२.५ आणि ३६.२५ मीटरची होती. रिसोर्ससॅटच्या लिस-३ कॅमेऱ्याची चौकट २३.५ मीटरची आहे. म्हणजे सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या आपल्या उद्यानात अंदाजे १ लाख ८८ हजार चौकटी! प्रत्येकीला एकच आकडा. मग तिच्यात अर्धे झाड असो, अर्धे छप्पर.

खरी अडचण ऋतूंची आहे. इथले जंगल बरेचसे पानझडी. एप्रिलमध्ये सागाचा उतार माळरानासारखा भासतो, आणि पावसाळ्यात ढग आड येतात. म्हणून वनांसाठी पावसाळ्यानंतरची चित्रे बरी. पिकांना एक चित्र पुरत नाही. खरीप, रब्बी, उन्हाळी अशी अनेक लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २००४-०५ पासून देशाचे वार्षिक नकाशे केले, ते ५६ मीटरच्या चौकटीवर. चौकट मोठी, पण तो कॅमेरा पाच दिवसांत पुन्हा त्याच जागी येतो.

आणखी एक मेख. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा अधिक जागेवर १० टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र असले, की ते वनाच्छादन. मालकी कोणाचीही असो. म्हणजे आमराईही त्यात येते! वनाच्छादन वाढल्याची बातमी वाचताना हे ध्यानात ठेवा.

हे छत्र तुम्हालाही मोजता येईल. मेच्या मध्यास मध्यान्ही सूर्य मुंबईच्या जवळजवळ डोक्यावर येतो. मैदानावर २३.५ मीटर बाजूचा चौरस आखा आणि त्याचा किती भाग सावलीत आहे, ते पाहा. आंबा, वड चालतील. सागाखाली मात्र तेव्हा सावली फारशी मिळणार नाही.