पॉइंट टू-टू रायफलची पारख

आमच्या कॉलेजात एन.सी.सी.चे काम काही वर्षे माझ्याकडे होते. एका शनिवारी पॉइंट टू-टू (.२२) रायफलच्या सरावासाठी कॅडेटांना रेंजवर नेले. पंचवीस यार्डांवर प्रत्येकाने पाच गोळ्या झाडायच्या आणि ज्यांच्या पाच भोकांचा पुंजका, म्हणजे ‘ग्रुप’, लहान येईल त्यांना संघात घ्यायचे, असे मीच ठरवले होते. एका मुलाचा ग्रुप चार सेंटिमीटरचा आला, एका मुलीचा सहाचा. “सर, माझी रायफलच वाकडी मारते,” ती म्हणाली. मी हसलो आणि तिचे नाव खोडले. या दोन ग्रुपांकडे आपण शेवटी पुन्हा वळू.

रायफल ‘वाकडी मारते’ म्हणजे काय, हे समजण्यासाठी याच जातीची, पण फार वरच्या दर्जाची रायफल विचारात घेऊ. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत .२२ ची एकेरी काडतुसाची बोल्ट रायफल वापरतात. दाराच्या कडीसारखा मागेपुढे सरकणारा बोल्ट काडतूस नळीत ढकलून जागीच घट्ट धरतो. रचना साधी आणि ताठ, म्हणून भरवशाची.

लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि गोळीचा सुमारे ५.६. गोळीची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचे केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत हवे. त्या आतही प्रत्येक ०.८ मिलिमीटरला गुणाचा एक दशांश मोजला जातो.

आता थोडे गणित करू. या गोळीचे वस्तुमान सुमारे २.६ ग्रॅम आणि नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर असतो. हा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा कमी ठेवतात. तो जास्त असता तर वाटेतच ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळी डळमळली असती. नळीतील पिळाच्या खाचा साधारण ४० सेंटिमीटरमध्ये एक वळसा घेतात. म्हणजे गोळी सेकंदाला सुमारे ८०० फेरे घेत निघते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. हवेच्या विरोधामुळे वेग थोडा घटतो. ५० मीटरला लागणारा काळ ०.१६ सेकंद धरा. पतन = ½ × गुरुत्व त्वरण × (काळ)², म्हणजे ½ × ९.८ × ०.०२५६; उत्तर येते सुमारे साडेबारा सेंटिमीटर!

एवढी गोळी खाली येते म्हणून काही बिघडत नाही. नळी नजरेच्या रेषेशी किंचित वर रोखलेली असते. अडचण वेगळीच आहे. समजा, एक गोळी इतरांपेक्षा एक टक्का वेगाने सुटली. तिचा काळ एक टक्का घटेल आणि काळाचा वर्ग दोन टक्के; म्हणजे ती अडीच मिलिमीटर वर लागेल. हात दगडासारखा स्थिर असूनही तीन दशांश गुण गेले. दारूच्या कणभर फरकाने हे घडते. म्हणून अव्वल नेमबाज काडतुसे नुसत्या नावावर घेत नाहीत. रायफल पक्क्या शिकंज्यात अडकवून, निरनिराळ्या बॅच क्रमांकांची काडतुसे ५० मीटरवर झाडून पाहतात आणि जी बॅच त्या नळीला मानवते तिचाच साठा करतात. शेजारच्या रायफलला तीच बॅच मानवेल असे नाही. माझे मत विचाराल तर नवी रायफल घेणाऱ्याने मर्यादित पैसे चकचकीत दस्त्यावर न घालता या चाचणीवर घालावेत.

नळीची गंमत याहून मोठी आहे. गोळी नळीत सेकंदाचा दोन-तीन हजारांशच भाग असते, पण तेवढ्यात नळी ठोकलेल्या पट्टीसारखी कंप पावू लागते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड वर चालले आहे की खाली, यावर बरेच अवलंबून असते. समजा ते वर चालले आहे. वेगवान गोळी आधी सुटते, तेव्हा तोंड किंचित खाली असते. मंद गोळी नंतर सुटते, तेव्हा ते किंचित वर आलेले असते. मंद गोळी जास्त खाली पडणार होती, तिला जास्त उंच कोन मिळाला! वरचे अडीच मिलिमीटर भरून काढायला कोनात फक्त १/२०,००० रेडियनचा फरक पुरतो. नळीच्या टोकाला छोटे वजन बसवून ते किंचित मागेपुढे सरकवतात ते यासाठीच. वजन सरकले की कंपनांचा मेळ बदलतो. यंत्रणा दस्त्याला जोडणारे स्क्रूही याच कारणाने ठरावीक पिळानेच, मोजमापाच्या पान्याने आवळतात. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. (एन.सी.सी.च्या रायफलीला मात्र कॅडेटाने पान्याने हात लावायचा नाही. ते काम आर्मररचे.)

दस्ता शरीराला बसला की नाही, याची परीक्षा सोपी आहे. नेम धरून डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास घ्यावेत, डोळे उघडावेत. नेम ढळलेला दिसला तर हातांनी ओढून न आणता दस्त्याची लांबी, गालाची उंची किंवा बसण्याची दिशा बदलावी.

पण बदलाने फायदा झाला, हे ठरवायचे कसे? इथेच माझी चूक झाली होती. एकाच रायफलने, एकाच हाताने झाडलेले पाच गोळ्यांचे ग्रुपसुद्धा निव्वळ योगायोगाने सरासरीच्या पंचवीस टक्के अलीकडे-पलीकडे सहज जातात. शिवाय दहा गोळ्यांचा ग्रुप पाचांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने सुमारे चोवीस टक्के मोठा येतो, त्यामुळे दोघांची तुलनाच करू नये. दोन आठवड्यांनी मी त्या मुलीला आणि त्या मुलाला दोन्ही रायफलींनी प्रत्येकी चार-चार ग्रुप झाडायला लावले, काडतुसे एकाच खोक्यातली. रायफलींच्या सरासऱ्या निघाल्या ४.७ आणि ४.८ सेंटिमीटर. म्हणजे रायफल निर्दोष होती. पण मुलीची स्वतःची सरासरी होती ४.२ आणि मुलाची ५.३. संघ तोवर स्पर्धेला जाऊन आला होता. मी तिला आकडे दाखवले. ती म्हणाली, “मग सर, पुढच्या वर्षी किती गोळ्या द्याल?” त्या वर्षापासून आम्ही प्रत्येकी आठ ग्रुप घेऊ लागलो.

रायफलीवाचून हा प्रयोग तुम्हालाही घरी करता येईल. जमिनीवर आलेख कागद, त्यावर काळी बाजू खाली करून कार्बन पेपर ठेवा. दीड मीटर उंचीवरून एकाच खुणेवर नेम धरून काचेची गोटी चाळीस वेळा सोडा. प्रत्येक ठशाला लगेच क्रमांक द्या. मग पाच-पाच ठशांचे आठ पुंजके करून प्रत्येकातील सर्वांत दूरच्या दोन ठशांमधील अंतर मोजा. सर्वांत मोठा पुंजका सर्वांत लहानाच्या दुप्पट आला तरी नवल वाटून घेऊ नका. एवढेच सांभाळा, की गोटी पहिल्या उसळीलाच झेलायची. नाहीतर एका टाकीचे दोन ठसे उमटतात.