एक काडी उजवीकडे, एक डावीकडे

दुधातली साखर पोटात फुटली की ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळतात. दोघींत कार्बन 6, हायड्रोजन 12, ऑक्सिजन 6. मग फरक कुठे? बेंबळीच्या दवाखान्यात मी मुलांना भिजवलेले हरभरे व काड्या जोडून दाखवतो. कागदावर एमिल फिशर यांची 1891 ची रीत सोपी : कार्बनची उभी ओळ, आल्डिहाइडचे टोक वर; आडव्या रेघा आपल्याकडे आलेल्या समजायच्या. वरून चौथ्या कार्बनवरचा ओएच गट ग्लुकोजमध्ये उजवीकडे, गॅलॅक्टोजमध्ये डावीकडे. बस्स, एवढेच!

शरीराला मात्र तो बदलून घ्यावा लागतो. क्वचित एखाद्या बाळात त्यासाठी लागणारे एन्झाइम जन्मतःच नसते. मग आईच्या दुधानेही उलट्या, कावीळ, मोतीबिंदू होऊ शकतो. अशा बाळाला लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. नुसती कावीळ दिसली म्हणून आपल्या मनाने अंगावरचे दूध मात्र तोडू नये.