बारा मेगाबिटांचा हिशेब

मे २००९. महाल भागातल्या माझ्या डीटीपीच्या खोलीत सकाळी दहाला कूलर लावला, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या आणि जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून बसले. त्याचा मदरबोर्ड उडाला होता, डिस्क शाबूत होती. ८० जीबीची, आयडीई, म्हणजे रुंद राखाडी पट्टीच्या केबलवाली. आत ४० जीबीचं काम होतं. बिलबुकं, लग्नपत्रिका, शाळांचे वार्षिक अंक, आणि दर्यापूरकडे मास्तरकी केलेल्या माझ्या मामाचा वऱ्हाडी शब्दसंग्रह. तिफण, सरतं, डवरा, बंडी, वावर. मामा वहीतून वाचायचा, अर्थ सांगायचा, मी टाइप करायचे. असे तीन उन्हाळे गेले. काम संपलं आणि पुढच्या वर्षी मामा गेला.

डिस्क यूएसबीच्या केसमध्ये बसवली आणि २००१ साली घेतलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. केसच्या खोक्यावर ४८० हा आकडा होता, कॉम्प्युटरच्या पुस्तिकेत १२. मी म्हटलं, बारा तर बारा. सेकंदाला १२ एमबी धरले तर ४० जीबीला ३,३३३ सेकंद, म्हणजे पंचावन्न मिनिटं. ऊन चढायच्या आत आटोपेल. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक फुगा आला की हे उपकरण याहून वेगाने चालू शकतं. मी तो बंद केला. कॉपीच्या खिडकीत उरलेली मिनिटं सहाशेच्या वर दिसत होती, पण विंडोजचा तो आकडा नेहमीच वरखाली होतो, म्हणून तिकडेही लक्ष दिलं नाही.

पुस्तिकेतला तो बारा मेगाबाइटांचा नव्हताच, मेगाबिटांचा होता. आठ बिट मिळून एक बाइट होतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड एमबी. यूएसबी स्वतःच्या देवाणघेवाणीत त्यातलाही वाटा खाते, तेव्हा हाती पडतो सुमारे एक. ४०,००० सेकंद. अकरा तासांहून जास्त.

दुपारी अडीचला लाइट गेली. यूपीएसने दहा मिनिटं तग धरला. कूलर बंद, बाहेर पारा ४५ च्या आसपास, आणि डिस्क साडेचार तास बिनपंख्याच्या, चारी बाजूंनी बंद प्लॅस्टिकच्या डबीत फिरत होती. केस उघडून हात लावला तर चटका बसला. लाइट आल्यावर पुन्हा सुरू केली, तेव्हा आवाज आला टक्, टक्, टक्. सीताबर्डीच्या दुरुस्तीवाल्याने कानाशी धरली आणि मान हलवली.

फोल्डर इंग्रजी नावांच्या क्रमाने उतरत होते. ‘बी’ची बिलं आली, ‘एल’च्या लग्नपत्रिका अर्ध्या आल्या. वऱ्हाडीचा ‘व्ही’ शेवटी होता. ते फोल्डर सगळं मिळून ३० एमबीचं होतं. त्या संथ यूएसबीवरूनही अर्ध्या मिनिटात आलं असतं.

म्हणून घरात जुना कॉम्प्युटर असलेल्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हे, की जे पुन्हा मिळणार नाही ते आधी उतरवा, हिशेब मागाहून करा. पण हिशेबही करा, कारण या जुन्या जोडण्यांवरचे आकडे एका मापाचे नाहीत. इंग्रजी लहान ‘बी’ म्हणजे बिट, मोठा ‘बी’ म्हणजे बाइट. यूएसबी आणि फायरवायर बिटांत बोलतात, तेव्हा ८ ने भागा. यूएसबी २ च्या ४८० चे ६० एमबी होतात आणि प्रत्यक्षात तीस-पस्तीस मिळाले तरी चांगले. जुन्या आयडीईवरचे ३३, ६६, १००, १३३ मात्र मुळातच मेगाबाइट आहेत, त्यांना भागू नका. साटाला ८ ने नव्हे, १० ने भागायचं. दर आठ बिटांमागे दोन बिट तारेवरचा संकेत नीट राहावा म्हणून जास्तीचे जातात. म्हणून दीड गिगाबिटांचा पहिला साटा १५० एमबीचा, आणि आयडीईच्या १३३ पेक्षा थोडाच पुढे. आकड्यांकडे नुसतं पाहिलं तर हे कधी लक्षात येणार नाही.  

एवढं करूनही जो आकडा येतो तो जोडणीचा असतो, डिस्कचा नाही. आयडीईवर १०० लिहिलेलं असलं तरी त्या काळची डिस्क तबकडीच्या बाहेरच्या कडेला पन्नासेक एमबी देते, आतल्या कडेला त्याच्या निम्मे. केबलही बघा. ६६ आणि पुढच्या वेगांना ८० तारांची पट्टी लागते. ४० तारांची जुनी पट्टी त्याच खाचेत बरोबर बसते आणि वेग गुपचूप ३३ वर येतो. वाचनात चुका साठत गेल्या की विंडोज एक्सपी डीएमए ही वेगवान रीत सोडून पीआयओ या संथ रीतीवर उतरते. डिस्क एकाएकी रांगायला लागली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते आधी तपासा. हजारो बारक्या फाइली एका मोठ्या फाइलीपेक्षा कितीतरी हळू जातात, हेही हिशेबात धरा.

माझी आताची रीत अशी. मोलाचं फोल्डर उतरलं की एक जीबीची कॉपी घड्याळ लावून करते. साडेतीन मिनिटांच्या आत झाली, म्हणजे वेग पाच एमबीच्या आसपास किंवा वर आहे, तर पुढचं काम घेते. जास्त लागली तर थांबते, डिस्क काढते, नव्या यूएसबीचा कॉम्प्युटर मागून आणते. केस उघडी ठेवते, समोर टेबलफॅन. आणि मे महिन्यात जुन्या डिस्कला हात लावत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी डिसेंबरपर्यंत थांब म्हणते.

मामाच्या संग्रहाची मुद्रितं एका पिशवीत सापडली, ‘अ’पासून ‘न’पर्यंत. ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून झाली. मामी आता थकल्या आहेत, पण त्या वहीतलं बरंच त्यांना पाठ आहे. रविवारी दुपारी मी दर्यापूरला फोन लावते. सध्या ‘प’ चालू आहे.