मोटारसायकलला जीपीएस ट्रॅकर: डबीची किंमत आणि खरा खर्च

हँडल लॉक पायाच्या झटक्याने तुटतं आणि चावीच्या वायरी जोडून गाडी ‘डायरेक्ट’ करायला सराईत चोराला फार वेळ लागत नाही. मग ट्रॅकर बसवू, हा विचार चुकीचा नाही. पण पैसे मोजण्याआधी एवढं पक्कं असू द्या की ट्रॅकर चोरी अडवत नाही. गाडी हलली हे तो लवकर कळवतो आणि सापडून उपटला जाईपर्यंत ती कुठे आहे ते दाखवतो. तुम्ही विकत घेता ते हे थोडे तास. त्यांची किंमत दुकानातल्या डबीवर छापलेली नसते.

आधी दोन स्वस्त गोष्टी

पहिली म्हणजे कुलूप. साधं डिस्क लॉक तीनचारशे रुपयांपासून मिळतं, भोंगा वाजणारं साधारण सहाशे ते दीड हजारात. रात्री गाडी सोसायटीत किंवा रस्त्यावर उभी राहत असेल, तर जाड साखळीने ती लोखंडी खांबाला किंवा गेटला बांधा. टेम्पोत उचलून नेणाऱ्यापुढे डिस्क लॉक काही करू शकत नाही.

दुसरी म्हणजे विमा. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. शोरूममध्ये त्यासोबत ओन डॅमेजचं, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचं, संरक्षण मात्र बहुधा एकाच वर्षाचं दिलेलं असतं. पोलिसांना पावती दाखवून सुटका होते, म्हणून पुढची चार वर्षं अनेक जण ‘विमा आहे’ याच समजुतीत फिरतात. चोरीची भरपाई थर्ड पार्टीत मिळत नाही, ओन डॅमेजमध्येच मिळते. पॉलिसी आज काढून पाहा. संपली असेल, तर नुसतं ओन डॅमेज वेगळं घेता येतं.

ट्रॅकर बसवला की हप्ता कमी होतो, असं विक्रेता सांगेल. मोटार विम्याच्या जुन्या टॅरिफप्रमाणे पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी उपकरणाला ओन डॅमेज हप्त्यात 2.5 टक्के सवलत आहे, तीही कमाल 500 रुपये आणि मान्य संस्थेच्या प्रमाणपत्रावर. हप्ता हजार रुपये असेल तर सूट 25 रुपयांची. एवढ्यासाठी ट्रॅकर घेऊ नका.

बाजारात काय मिळतं

*वायरीचा ट्रॅकर:* साधारण दीड ते चार हजार रुपये. गाडीच्या बॅटरीवर चालतो, आत सिम असतं. उपग्रहावरून जागा काढतो आणि सिमच्या नेटवर्कवरून ती तुमच्या मोबाइलवर पाठवतो. गाडीसाठी खरा पर्याय हाच.

*चार्जिंगचा ट्रॅकर:* तीन हजारांपासून पुढे. वायर कापायची नाही, कुठेही लपवता येतो. पण दर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी काढून चार्ज करावा लागतो. महिन्याभराने त्याचा कंटाळा येतो आणि गाडी नेमकी चार्ज संपलेला असताना जाते.

*ब्लूटूथ टॅग:* हजार ते साडेतीन हजार रुपये, मासिक खर्च नाही. यात जीपीएस नसतं. आसपासच्या लोकांच्या फोनमधून जागा कळते, त्यामुळे गर्दीत बरा, आडरानात निरुपयोगी. शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरतोय, अशी सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते. जोडीला ठेवायला ठीक, त्याच्यावर भिस्त नको.

नव्या गाडीत ‘ब्लूटूथ कनेक्ट’ आहे म्हणून ट्रॅकर आहेच, असं धरू नका. गाडीत स्वतःचं सिम नसेल, तर ॲपमध्ये दिसते ती तुम्ही गाडी शेवटची लावलेली जागा. चोराने ती पुढे कुठे नेली, ते त्यात दिसत नाही.

पाच वर्षांचा हिशेब

‘पहिलं वर्ष फ्री’ म्हणजे दुसऱ्या वर्षापासून बिल. वायरीच्या मध्यम ट्रॅकरचा हिशेब असा मांडता येईल:

- उपकरण: 2,500 रुपये
- फिटिंग: 400 रुपये
- चार वर्षांचं नूतनीकरण, वर्षाला 1,000 धरून: 4,000 रुपये
- त्यावर 18 टक्के जीएसटी: 720 रुपये
- एकूण: 7,620 रुपये, म्हणजे महिन्याला साधारण 127

डबीच्या तिप्पट पैसे होतात. म्हणून घेण्याआधी नूतनीकरणाचा दर बिलावर लिहून घ्या. ‘लाइफटाइम फ्री’ म्हणणाऱ्याला विचारा, कोणाचं लाइफ? सिम बहुधा कंपनीच्या नावावर असतं. कंपनी बंद पडली की सिमही बंद, आणि उरलेली डबी शोभेची. स्वतःचं सिम घालता येणारे ट्रॅकरही मिळतात. त्यात रिचार्जची तारीख तुम्ही सांभाळायची.

दुकानात हे विचारा

*नेटवर्क कोणतं?* 4जी घ्या, गरज पडल्यास 2जीवर उतरणारा असेल तर उत्तम. नुसता 2जी स्वस्त पडतो, पण जे नेटवर्क मागे पडत चाललं आहे त्यावर पाच वर्षांचे पैसे लावू नका.

*आतली बॅटरी किती वेळ?* चोराने वायर तोडली की ट्रॅकर आतल्या छोट्या बॅटरीवर चालतो. दोनचार तास तरी हवेत. वायर तुटताच मोबाइलवर सूचना येते का, हे दुकानातच करून दाखवायला सांगा.

*उभ्या गाडीत किती करंट खातो?* हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि मग पस्तावतात. सतत जागा राहणारा ट्रॅकर 15 मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला 0.36 अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची बॅटरी 4 अँपिअर-अवरची असते. दिवाळीत दहा दिवस गावी गेलात तर 3.6 संपले. परत आल्यावर सेल्फ लागणार नाही आणि ट्रॅकरही मेलेला असेल. गाडी उभी असताना झोपणारा आणि धक्का बसताच जागा होणारा घेतला, तर तोच खर्च 3 मिलिअँपिअरवर येतो. मग दहा दिवसांत 0.72 जातात, बॅटरीला जाणवतही नाही.

*पाण्याचं काय?* आयपी 67 दर्जा मागा. आपला पावसाळा आहेच, सर्व्हिसिंगचा प्रेशर पंप त्याहून वाईट.

*पासवर्ड बदलता येतो का?* अनेक स्वस्त ट्रॅकर 123456 या एकाच पासवर्डवर येतात. मायकोडस एमव्ही 720 या मॉडेलमधले असे सुरक्षादोष 2022 साली उघड झाले, तेव्हा अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने इशारा दिला होता. पासवर्ड तसाच ठेवलात, तर घर कधी रिकामं असतं हे परक्यालाही दिसू शकतं.

फिटिंग

ट्रॅकरला बहुधा तीन वायरी असतात: प्लस, अर्थ आणि इग्निशन. प्लसच्या वायरीत एकदोन अँपिअरचा फ्यूज हवाच. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापू देऊ नका, कपलरने जोडणारा फिटिंगवाला शोधा.

सीटखाली बॅटरीशेजारी बसवणं सगळ्यात सोपं, आणि चोर सगळ्यात आधी तिथेच पाहतो. हेडलाइटच्या डूममध्ये किंवा मागच्या फायबरच्या आत जागा मिळते का पाहा. वर लोखंड नको, टाकीखाली सिग्नल अडतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये जीपीएस चालत नाही, तेव्हा जवळच्या टॉवरवरून अंदाजे जागा दिसते, हेही धरून चाला.

मोबाइलवरून इंजिन बंद करण्याची सोय काही ट्रॅकर देतात. चालती गाडी अशी बंद पडली तर मागून येणारा ट्रक थांबत नाही, गाडीवर चोर असो वा तुमचा भाऊ. ती सोय घेतलीच, तर गाडी उभी असतानाच काम करणारी घ्या.

बसवल्यावर फिटिंगवाल्यासमोर चावी काढून गाडी दहा पावलं ढकला. मोबाइल वाजला नाही तर पैसे देऊ नका. हीच चाचणी पुढे महिन्यातून एकदा घरी करा.

गाडी गेलीच तर

नकाशावरचा ठिपका पाहून एकटे धावू नका. आधी 112 लावा, ठाण्यात एफआयआर नोंदवा आणि लाइव्ह लिंक पोलिसांना द्या. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. एफआयआर वेळेवर झाला असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली म्हटलं आहे. म्हणून पहिली धाव ठाण्याकडे.

गाडी मिळाली तर ती मुद्देमाल असते. पंचनामा होतो आणि न्यायालयाच्या आदेशाने ती सुपुर्दनाम्यावर परत मिळते. नाही मिळाली तर कंपनी एफआयआर, आरसी, दोन्ही चाव्या आणि तपास लागला नसल्याचा पोलिसांचा ‘ए समरी’ अहवाल मागते. दुसरी चावी कुठे आहे, ते आजच पाहून ठेवा.

मग घ्यायचा का?

गाडीची आजची किंमत पंधरावीस हजार असेल तर नाही. भक्कम साखळी आणि ओन डॅमेज पुरे. लाखाच्या पुढची गाडी असेल, ती रात्री उघड्यावर राहत असेल किंवा रोजची कमाई तिच्यावर असेल, तर महिन्याचे सव्वाशे रुपये रास्त आहेत. क्रम मात्र बदलू नका: कुलूप, मग विमा, मग ट्रॅकर. तिन्हींना पैसे पुरत नसतील, तर यादीतलं शेवटचं नाव खोडा.