फ्लॅशगनची उष्णता : कारणे आणि काळजी

समारंभाच्या छायाचित्रणात निसटलेला क्षण पुन्हा मिळत नाही. वैशाखातल्या मंडपात वधूवर एकमेकांना हार घालीत असतानाच फ्लॅशगन तापून बंद पडली, तर त्या कुटुंबाच्या संग्रहात ते एक छायाचित्र कायमचे उणे राहते. म्हणून या व्यवसायात उतरणाऱ्या प्रत्येकाने फ्लॅशगन का तापते, हे समजून घेतले पाहिजे.

फ्लॅशगनमध्ये सेलची विद्युत्ऊर्जा सुमारे ३०० व्होल्ट दाबाने कपॅसिटरमध्ये साठविली जाते. बटण दाबताच ती झेनॉन वायूच्या नळीतून क्षणार्धात वाहते आणि प्रखर प्रकाश पडतो. परंतु या ऊर्जेचा बराचसा अंश उष्णतेत जातो. कपॅसिटर पुन्हा भरताना सेल व आतील परिपथही तापतात. दोन छायाचित्रांमध्ये पुरेसा अवधी न मिळाल्यास ही उष्णता साचत जाते. मग अनेक फ्लॅशगन स्वसंरक्षणार्थ मंदावतात किंवा थांबतात. तशी सोय नसल्यास नळी व पुढचे प्लास्टिक खराब होऊ शकते.

यावरील खरा उपाय म्हणजे ऊर्जेची काटकसर. पूर्ण शक्तीऐवजी पाव शक्ती वापरल्यास प्रत्येक वेळी सुमारे एक चतुर्थांशच ऊर्जा खर्च होते. प्रकाशाची तूट भरून काढण्यासाठी आयएसओ २०० वरून ८०० करावा, किंवा ॲपर्चर एफ/८ ऐवजी एफ/४ ठेवावे. थेट प्रकाश देताना फ्लॅशचे अंतर निम्मे केले तरी पाव शक्ती पुरते. उंच छतावरून प्रकाश परावर्तित करताना आणि हाय-स्पीड सिंक वापरताना मात्र शक्ती फार लागते. तेथे छायाचित्रे सावकाश घ्यावीत. बाहेरचा बॅटरी पॅक जोडल्यास फ्लॅश लवकर भरतो. साहजिकच विश्रांतीचा अवधी घटून उष्णता अधिक साचते, हेही ध्यानात ठेवावे.

फ्लॅशगन तापलीच, तर ती सावलीत व मोकळ्या हवेत राहू द्यावी. बंद पिशवीत ठेवू नये, ओल्या कापडाने किंवा बर्फाने थंड करू नये. ती स्वतः उघडण्याचे धाडस तर कधीच करू नये. बंद केल्यानंतरही कपॅसिटरमधील विद्युत्भार जीवघेणा ठरू शकतो. शक्य असल्यास दोन फ्लॅशगन बाळगून त्या आलटूनपालटून वापराव्यात. मुख्य विधीपूर्वी काही मिनिटे हात आवरता घ्यावा. त्या विश्रांतीमुळेच नेमक्या क्षणी फ्लॅश साथ देतो.